बुडावरचा शिक्का : जुनी लष्करी पिस्तूल-काडतुसे ओळखताना आणि हाताळताना

पिस्तुलाच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, आतली बारूद आणि बुडाच्या मध्यभागी बसवलेली टोपी. बोलण्यात या सगळ्याला मिळून ‘गोळी’ म्हटले जाते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा. टोपीवर घाव बसला की ठिणगी पडते, बारूद जळते, वायूचा दाब तयार होतो आणि गोळी सुटते. रिकामी पुंगळी मागे राहते. काडतूस कुठे, केव्हा आणि कोणत्या हत्यारासाठी तयार झाले, हे पुंगळीच्या बुडावर टोपीभोवती ठोकलेल्या शिक्क्यावरून कळते. गोंदिया जिल्ह्यात एखाद्याच्या हाती जुने लष्करी काडतूस आले, तर त्याने आधी हा शिक्का वाचायचा असतो. तोही काडतूस जिथे आहे तिथेच ठेवून, डोळ्यांनी. सुरीने किंवा पॉलिश पेपरने खरवडून नव्हे.

अशी काडतुसे तीन वाटांनी समोर येतात. पहिली वाट घरातली. निवृत्त सैनिकाच्या, पोलिसाच्या किंवा एके काळी परवाना असलेल्या आजोबांच्या लोखंडी पेटीत, जुन्या कागदांखाली, चामड्याच्या पट्ट्यात खोवलेली पाच-सहा काडतुसे निघतात. दुसरी वाट भंगाराची. पितळेला भाव असतो, त्यामुळे काळवंडलेल्या पुंगळ्या हंड्या-तांब्यांबरोबर तराजूत येतात आणि त्यात एखादी भरलेलीही असू शकते. तिसरी वाट जंगलाची. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांनी नक्षल चळवळीची अनेक वर्षे पाहिली आहेत. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाला तिथे दिसलेले काडतूस आणि आजोबांच्या पेटीतले काडतूस दिसायला सारखे असले, तरी दोन्ही प्रसंगांत वागायचे वेगवेगळे असते. त्याविषयी पुढे.

शिक्क्याची भाषा फार अवघड नाही. भारतीय काडतुसावर बहुधा के आणि एफ ही दोन रोमन अक्षरे असतात. पुण्याजवळच्या खडकीला इंग्रज ‘किर्की’ म्हणत. ‘किर्की फॅक्टरी’ची ही आद्याक्षरे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला. गावाचे नाव ‘खडकी’ असे लिहायला लागून कितीतरी वर्षे झाली, पण काडतुसाच्या बुडावर किर्कीच टिकून आहे. ओएफव्ही ही अक्षरे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याची. स्वातंत्र्यापूर्वीच्या मालावर अक्षरांच्या जोडीला रुंद बाण आढळतो. ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. महायुद्धकाळात बाहेरून आलेल्या मालावर त्या त्या कारखान्याची अक्षरे असतात : बर्मिंगहॅमच्या कायनॉकचा के, वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीची आर-एल, कॅनडाच्या डिफेन्स इंडस्ट्रीजची डी-आय, अमेरिकेच्या विंचेस्टरची डब्ल्यू-आर-ए. पी-ओ-एफ म्हणजे पाकिस्तानातील वाह येथील कारखाना. ही अक्षरे दिसली तर पुढची चौकशी स्वतः करायची नसते. सरळ पोलिसांना कळवायचे असते.

अक्षरांशेजारचे दोन आकडे बहुधा निर्मितीच्या वर्षाचे असतात. ‘७१’ म्हणजे १९७१. त्यानंतर बोर, म्हणजे नळीच्या व्यासाचे माप, येतो आणि लष्करी काडतुसावर बोराजवळ ‘मार्क’ असतो. भारतीय ९ मिमी काडतुसाच्या बुडावर ‘९ एमएम २झेड’ असे कोरलेले दिसते. यातला २ हा आवृत्तीचा क्रमांक आणि झेड म्हणजे आत नायट्रोसेल्युलोज जातीची बारूद असल्याची खूण. ब्रिटिश पद्धतीत झेड नसेल, तर आत बहुधा कॉर्डाइट असे. ही १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी शोधलेली, शेवयांसारख्या काड्यांची बारूद. भारतात ती निलगिरीतील अरुवनकाडूच्या कारखान्यात तयार होई. बोराजवळ मार्क असणे ही लष्करी मालाची मोठी खूण मानावी. बाजारात परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसावर मार्क आणि वर्ष यांऐवजी बोराचे व्यापारी नाव असते. खडकीच्या .३२ रिव्हॉल्व्हर काडतुसावर ‘.३२ एसअँडडब्ल्यूएल’, .३२ पिस्तुलाच्या काडतुसावर ‘७.६५’ आणि .३१५ रायफलीच्या काडतुसावर ‘८ एमएम’. फौजदारी खटल्यांच्या निकालपत्रांत जप्तीच्या यादीत ‘केएफ ७.६५’ आणि ‘८ एमएम केएफ’ हे शब्द इतक्या वेळा येतात की वकिलांना ते तोंडपाठ असतात.

टोपीभोवती रंगाची बारीक कडा असेल, तर तीही वाचता येते. ब्रिटिश पद्धतीत जांभळी कडा साध्या गोळीची, लाल पेटत जाणाऱ्या ट्रेसर गोळीची आणि हिरवी पोलाद भेदणाऱ्या गोळीची. पिस्तुलाच्या काडतुसावर बहुतेक वेळा जांभळीच सापडते. पण हा रंग म्हणजे लाखेसारखा थर असतो. साठ-सत्तर वर्षांत तो उडतो किंवा काळा पडतो. रंग दिसत नाही म्हणून निष्कर्ष काढू नये.

शिक्का झिजला असेल, तर माप कामी येते. इथे हाताशी व्हर्नियर असणे गरजेचे नाही. शाळेची पट्टी काडतुसाशेजारी ठेवून, काडतूस न उचलता, पुंगळीची लांबी अंदाजे वाचता येते. त्याआधी बुडाची कड पाहायची. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे बूड पुंगळीपेक्षा रुंद असते, टाचणीच्या डोक्यासारखे, कारण त्या कडेवरच ते चक्रात अडकून राहते. स्वयंचलित पिस्तुलाच्या काडतुसाचे बूड पुंगळीएवढेच असते आणि त्याच्या वर नखाने ओढल्यासारखी खाच असते. पिस्तुलातला आकडा त्या खाचेत अडकून पुंगळी बाहेर खेचतो.

लष्करी पिस्तूल-काडतुसांत पुढील जाती इथे भेटण्याजोग्या आहेत. सर्वांत जुने .४५५. जाड, आखूड, कडेचे; अंगठ्याच्या पेराएवढे. गोळी शिशाची, वजन सुमारे १७ ग्रॅम. १८८७ पासूनच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरांची ही काडतुसे पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. त्यानंतरचे .३८०, तेही कडेचे, पण बारीक. पुंगळी सुमारे २० मिमी. सुरुवातीला त्यात १३ ग्रॅमची शिशाची गोळी होती. उघडे शिसे शरीरात पसरते आणि १८९९ च्या हेग घोषणेने पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई केली होती. त्या वादाच्या भीतीने ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर साडेअकरा ग्रॅमची, संपूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आणली. हेगच्या या घोषणेमागे आपल्याकडचाच इतिहास आहे : पसरणाऱ्या गोळीला जगभर ‘डमडम’ हे नाव मिळाले ते कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यावरून. तेव्हा .३८० चे काडतूस सापडले आणि गोळी राखाडी शिशाची असेल, तर तो आधीचा मार्क. चकचकीत किंवा तांबूस आवरणाची असेल, तर नंतरचा.

९ मिमी हे आजच्या लष्कराचे आणि पोलिसांचे काडतूस. पुंगळी १९ मिमी, बुडाशी खाच, वर किंचित निमुळती. गोळी गोलसर टोकाची, सुमारे साडेसात ग्रॅमची. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ९ मिमी पिस्तूल आणि कानपूरची ९ मिमी कार्बाइन दोन्हींत हेच जाते. जंगलाच्या वाटेवर ७.६२ × २५ जातीचे काडतूसही भेटू शकते. ते बाटलीसारखे असते, म्हणजे पुंगळीला खांदा असतो आणि मान बारीक होते. रशियन टोकारेव्ह पिस्तुलाचे आणि त्याच्या चिनी नकलांचे हे काडतूस. जुन्या ७.६३ माउझरचे काडतूस मापाने जवळजवळ तसेच असते, पण टोकारेव्हचा मारा जास्त जोरदार. एकाच्या जागी दुसरे घातल्यास जुने हत्यार फुटू शकते. पिस्तुलाचे काडतूस ४० मिमीहून लांब नसते, हे एक ढोबळ माप ध्यानात ठेवावे. पुंगळीच ५६ मिमी लांब आणि कडेची असेल, तर ते .३०३ रायफलीचे.

परवानाधारकाच्या दोन .३२ मध्ये नेहमी गल्लत होते. .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस कडेचे, पुंगळी सुमारे २३ मिमी. .३२ पिस्तुलाचे, म्हणजे ७.६५ चे, पुंगळी सुमारे १७ मिमी आणि कड नावापुरती. परवान्यावर नुसते ‘.३२’ लिहिलेले असते आणि दुकानदाराने घाईत दुसरा डबा पुढे केला, तर लक्षात यायला वेळ लागतो. पिस्तुलाचे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात शिरते आणि उडतेही, पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरसाठी ठरवलेल्या दाबापेक्षा जास्त असतो. शिरले म्हणजे जमले, असे समजू नये.

आता कायदा. जुन्या लष्करी काडतुसाबाबत भारतीय कायद्याची रचना नेमकी कशी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शस्त्र अधिनियम १९५९ खाली शस्त्र नियम २०१६ आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग पाडले आहेत आणि त्यातील एका वर्गाची व्याख्या हत्याराच्या नावावरून न करता काडतुसावरून केली आहे. लष्करी .३०३ किंवा ७.६२ चे काडतूस ज्यात बसेल आणि उडेल अशा रायफली; .३८० किंवा .४५५ कडेचे काडतूस अथवा सर्व्हिस ९ मिमी काडतूस ज्यात बसेल आणि उडेल असे कोणत्याही बोराचे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा कार्बाइन. हा वर्ग नेहमीच्या परवान्याबाहेरचा आहे. बोलीत यालाच ‘पीबी’ (प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे प्रतिबंधित बोर) म्हणतात. जिल्हादंडाधिकारी असा परवाना देत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. यामागचा विचार साधा आहे. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या साठ्यातून काडतूस चोरीला गेलेच, तर ते बाहेर कुणाच्याही कायदेशीर हत्यारात बसता कामा नये. .३१५ ही रायफल आणि तिचे ८ मिमी काडतूस यांचे नागरिकांच्या परवान्यांवरील स्थान याच विचारातून पक्के झाले.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ज्याच्याकडे .३२ चा वैध परवाना आहे, त्यालाही वर वर्णन केलेल्या लष्करी काडतुसांपैकी एकही बाळगता येत नाही. परवाना त्यावर लिहिलेल्या बोरापुरता आणि त्यावर छापलेल्या संख्येपुरता असतो. आजोबांचे १९४३ चे काडतूस ‘आठवण’ म्हणून शोकेसमध्ये ठेवले, तरी ते भरलेले असेल तर कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच. वय वाढले म्हणून काडतूस कायद्यातून सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र किंवा दारूगोळा बाळगल्याबद्दल कलम २५(१-अ) खाली किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त १४ वर्षे कारावासाची तरतूद आहे. न्यायालये ताबा ‘जाणीवपूर्वक’ होता का, हे पाहतात. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. म्हणजे पेटीच्या तळाशी काय आहे हे ठाऊकच नसलेल्या माणसाला बचाव आहे. पण पेटी उघडली, काडतूस पाहिले, शिक्का वाचला आणि परत पेटी लावली, तर तो बचाव तिथेच संपतो. हा लेख वाचून शिक्का ओळखता येऊ लागलेल्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

रिकाम्या पुंगळीची गोष्ट थोडी वेगळी. कलम ४५ मध्ये दारूगोळ्याचे किरकोळ भाग, पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर, वगळलेले आहेत. तरीही तुरळक पुंगळ्या आणि पोतेभर पुंगळ्या यांत पोलीस फरक करतात, आणि तो करायलाच हवा. कारण पुंगळी पुन्हा भरून वापरण्याचे उद्योग गावठी कट्ट्यांच्या बाजारात चालतात.

इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून काहींची समजूत होते की लष्कराचा जुना माल कुठेतरी स्वस्तात विकला जात असेल. तिकडे तो विकला जातो हे खरे. जुनी लष्करी काडतुसे पेट्यांनी घेऊन नेमबाजीच्या मैदानावर उडवणे हा तिथला रुळलेला छंद आहे. भारतात लष्कराचा मुदतबाह्य दारूगोळा नागरिकांना विकला जात नाही, तो नष्ट केला जातो. विदर्भाला हे काम कुठे चालते ते माहीत आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव (आबाजी) शिवारातल्या मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या वेळी स्फोट झाला आणि ६ जणांचा जीव गेला. तो माल पिस्तुलाचा नव्हता, पण त्या परिसरातल्या गरीब माणसांना तिथे खेचून नेणारी वस्तू तीच होती जी भंगाराच्या तराजूत पिस्तुलाच्या पुंगळीला किंमत मिळवून देते : धातू. तेव्हा गोंदियाच्या बाजारात कुणी ‘मिलिटरी सरप्लस’ म्हणून काडतूस देऊ केले, तर ते चोरीचे किंवा तस्करीचे आहे असेच धरावे. तिसरी शक्यता नाही.

कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी जुने काडतूस भरवशाचे नसते. का, ते पितळेपासून पाहावे लागते. ब्रिटिश काळात भारतातल्या छावण्यांमध्ये एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना, कुणी हात न लावता, भेगा पडत. ऋतूबरोबर येणारी म्हणून इंग्रजीत तिला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण मांडले : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून तयार करताना पितळात उरलेला ताण, हे दोन्ही दमट हवेत एकत्र आले की पितळ चिरते. पुंगळी नीट तापवून ताण काढला की भेगा कमी होतात. गोंदियाच्या खेड्यात घोडे नसतील, पण गोठा घराला लागून असतो आणि जिल्ह्याचा पावसाळा धानाच्या बांधीइतकाच ओला असतो. गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेल्या पेटीतले काडतूस वरून धड दिसले, तरी मानेपाशी केसाएवढी चीर असू शकते. उडवताना ती चीर फाटते आणि तापलेला वायू मागे, माणसाच्या चेहऱ्याकडे येतो.

चामड्याचा पट्टा हा दुसरा शत्रू. कमावलेल्या चामड्यातील आम्लाने पितळावर हिरवा, मेणासारखा थर धरतो. तो पुसून काढल्यास खाली खड्डे दिसतात. बारुदीचे वैरी उष्णता आणि वेळ. नायट्रोसेल्युलोज आपोआप, हळूहळू विघटित होते. ते रोखण्यासाठी त्यात स्थिरक मिसळलेला असतो, पण तोही संपतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छताखालची लोखंडी पेटी किती तापते, हे सांगायला नको. बिघडलेल्या बारुदीला आंबट, नाकात झोंबणारा वास येतो. पेटी उघडताच असा वास आला, तर काडतुसे मोजतही बसू नये.

टोपीतही दोष दडलेला असतो. जुन्या लष्करी टोप्यांमध्ये पारा असलेला स्फोटक किंवा पोटॅशियम क्लोरेट असे. पाऱ्याने पुंगळीचे पितळ ठिसूळ होते. क्लोरेट जळल्यावर मीठ उरते, पोटॅशियम क्लोराइड, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. मग नळी आतून गंजते. हे मीठ तेलात विरघळत नाही. त्यामुळे नुसता तेलाचा बोळा फिरवून नळी स्वच्छ होत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडे फडके, शेवटी तेल, असा क्रम जुने ब्रिटिश सैनिक पाळत. ज्यांच्याकडे कायदेशीर परवान्यावरचे जुने रिव्हॉल्व्हर किंवा .३१५ रायफल आहे आणि जुन्या साठ्यातली काडतुसे वापरून झाली आहेत, त्यांनीही हाच क्रम पाळावा. कोणत्या टोपीत काय होते, हे बाहेरून ओळखता येत नाही. पाण्याने मात्र काही बिघडत नाही, नंतर नीट कोरडे केले की झाले.

चाप ओढल्यावर काडतूस उडाले नाही, तर हत्यार खाली न आणता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबायचे. जुनी टोपी कधी कधी उशिराने पेट घेते. नुसता ‘फुस्स’ असा हलका आवाज आला आणि धक्का बसला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मग दुसरे काडतूस मुळीच उडवू नये. हत्यार रिकामे करून शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारकाकडे न्यावे.

आता, काडतूस समोर आल्यावर नेमके करायचे काय. पेटीतले काडतूस आणि जंगलातले काडतूस वेगळे, असे वर म्हटले. जंगलात, ओढ्याकाठी किंवा बांधावर दिसलेल्या काडतुसाला हात लावू नये. एक काडतूस दिसले तर जवळ आणखी साठा असू शकतो, आणि नक्षलवाद्यांनी पुरून ठेवलेल्या साठ्याशेजारी, ज्याला इकडे ‘डम्प’ म्हणतात, सापळा म्हणून स्फोटके लावलेली असणे शक्य असते. आल्या पावली मागे फिरावे. वाटेवर फांदी किंवा रंगीत चिंधी अशी खूण लावावी. ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. जागेचे वर्णन गावकऱ्यांच्या भाषेत, म्हणजे अमक्याची बांधी, अमक्या बोडीच्या वर, असे केले तरी चालते; ठाण्यातल्या माणसांना ते समजते. पुढचे काम पोलिसांचे आणि लागल्यास बॉम्बशोधक व नाशक पथकाचे. जंगलात दिसलेल्या वस्तूबद्दल लगेच कळवणारा आणि महिनाभराने बोलणारा, या दोघांत दुसऱ्या माणसाला जास्त प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

पेटीतल्या काडतुसाबाबत धोका कमी, पण कागद महत्त्वाचे. परवानाधारक मरण पावला असेल, तर त्याचे हत्यार आणि काडतुसे वारसांकडे आपोआप येत नाहीत. कलम २१ नुसार ताबा बेकायदा झाल्यावर ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असतात. एक साधा अर्ज पुरतो : मृत व्यक्तीचे नाव, परवान्याचा क्रमांक असल्यास तो, काडतुसे किती, शिक्क्यावर काय दिसते, कधी आणि कुठे सापडली. अर्जाची प्रत आणि पोचपावती ठेवावी. काडतुसे स्वतः ठाण्यात नेण्याऐवजी आधी फोन करून पोलिसांना घरी बोलावणे चांगले. बसमधून किंवा मोटारसायकलच्या डिकीतून परवान्याविना काडतुसे नेणारा माणूस वाटेत नाकाबंदीला अडला, तर त्याचा अर्ज वाचायच्या आधी पंचनामा होतो.

करू नयेत अशा गोष्टी लोक नेमक्या करतात, म्हणून त्या सांगायला हव्यात. काडतूस चुलीत किंवा होळीत टाकले, तर नळीचा आधार नसल्याने गोळी फार जात नाही, पण पुंगळी फुटून पितळेचे धारदार तुकडे डोळ्यांत शिरतात. वैनगंगेत किंवा विहिरीत फेकलेले काडतूस पुढल्या उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्या मजुराच्या हाती लागते. पक्कडीने गोळी उपटून बारूद काढण्याचा प्रयत्न टोपीवर दाब देऊ शकतो. भंगारात देऊ नये. भट्टीवर काम करणाऱ्याला त्याची कल्पना नसते. आणि चावीच्या कडीसाठी भोक पाडणे तर सर्वांत वाईट, कारण ड्रिलची उष्णता थेट बारुदीपर्यंत जाते.

तरी लष्करी पिस्तूल-काडतुसाच्या आकाराच्या काही वस्तू कायदेशीरपणे हाताळल्या जातात. पोलीस प्रशिक्षणाच्या आणि लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानावर ९ मिमी काडतूस दिले जाते ते मोजून, आणि पुंगळ्याही मोजून परत घेतल्या जातात. तिथून एखादी पुंगळी ‘आठवण’ म्हणून खिशात घालणाऱ्या पोरामुळे अख्ख्या तुकडीला गवतात शोधत बसावे लागते. कवायतीसाठीची नकली काडतुसेही असतात. त्यांच्या पुंगळीला भोके असतात किंवा लाल रंग अथवा चकचकीत मुलामा असतो, आणि टोपीची जागा रिकामी किंवा रबराची असते. घरातले काडतूस नकली आहे असे सांगणाऱ्याने या खुणा दाखवल्या पाहिजेत. नुसते ‘आजोबा म्हणायचे’ याने भागत नाही. गोळीशिवाय, तोंड चुरगळून बंद केलेले ब्लँक काडतूस निरुपद्रवी वाटते, पण जवळून तेही जीव घेते.

.३२ चा परवाना असलेल्याने काडतुसे फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीवर आणि परवान्यावर नोंद करून घ्यावीत. डब्यावरचा लॉट क्रमांक आणि वर्ष लिहून ठेवावे, जुना डबा आधी संपवावा. साठवण कोरड्या, थंड जागी, मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात. चामड्याच्या पट्ट्यात नव्हे आणि गोठ्याजवळ तर नकोच. पावसाळ्यात डब्यात सिलिकाची पुडी ठेवली तर पुरते. वर्षातून एकदा काडतुसे बाहेर काढून पाहावीत : हिरवा थर, मानेवर चीर, आत दबलेली गोळी, वर आलेली टोपी. यातले काहीही दिसले, तर ते काडतूस बाजूला काढून विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करावे. शेतीच्या संरक्षणासाठी परवाना असलेल्या भरमार बंदुकीत तर काडतूस जातच नाही. तिथे बारूद, छर्रे आणि टोपी वेगवेगळी भरतात. त्यामुळे अशा बंदुकीच्या मालकाकडे पिस्तुलाचे काडतूस असण्याचे कारणच उरत नाही.

विमानतळाचा मुद्दा उरतो. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आता तिथून प्रवासी विमान पकडता येते, नाहीतर नागपूर गाठावे लागते. दोन्हीकडे सामान क्ष-किरण यंत्रातून जाते आणि बॅगेच्या शिवणीत अडकलेले एकच काडतूसही त्यात स्पष्ट दिसते. असे काडतूस बहुधा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या बॅगेतले, विसरलेले असते. ‘माहीत नव्हते’ हे न्यायालयात सिद्ध होईपर्यंत विमान निघून गेलेले असते आणि गुन्हा नोंदलेला असतो. परवानाधारकाची किंवा वडिलांची जुनी बॅग प्रवासाला काढण्यापूर्वी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत, अस्तराखालचेही.